मीटरची नाडी बघणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या घरमालकीण बाई रोज सकाळी सहाला मीटरची नाडी बघायच्या. नाडी हा त्यांचाच शब्द. अंगावर पांढरं पातळ, छातीशी पिनेने उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात लाल पेन्सिल. जिन्याखालच्या लाकडी फळीवर दोन मीटर होते. एक त्यांच्या घराचा, दुसरा मागच्या खोलीचा, म्हणजे आमचा. वीज वापरली जाते तसा मीटरवरचा बारका लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा बाई घड्याळ धरून एक मिनिट मोजायच्या, ओठ हलवत. मग मीटरचा आकडा शेजारी टांगलेल्या कागदावर मांडायच्या. तो कागद म्हणजे दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लावतात तो तापाचा तक्ता. रिटायर होताना रद्दीत निघालेला गठ्ठा त्यांनी मोठ्या साहेबांची सही घेऊन घरी आणला होता. सही घेतली होती, हे त्या तक्ता बघणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

"आज नॉर्मल हाय," असं म्हणून त्या आत गेल्या की माझा दिवस चांगला जायचा. कधी म्हणायच्या, "तुह्या मीटरले जराशी कणकण हाय वं. काल इस्त्री केली का?"

केलेली असायची.

गाव जाम. नागपूर, चंद्रपूर आणि हैदराबादकडचे रस्ते जिथे मिळतात तो चौरस्ता, आणि त्याच्या मागे गाव. बाई तीस-बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे, लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणत. मी नुसतं बाई म्हणायचे. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मी अजून त्याच मागच्या खोलीत आहे.

मी लांज्याकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे काजूच्या फॅक्टरीत बी सोलायला बसले, तिथून लग्न, आणि लग्नातून थेट इकडे. नवरा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे रोलर चालवतो. रस्ता पुढे सरकतो तसा तोही सरकतो, कॅम्पवर राहतो, पंधरा दिवसांनी येतो. मी इथे एकटी. घर एवढं लांब की माहेरचा फोन वाजला तरी आधी वाटायचं, कोणाचं काही बरंवाईट झालं. मुळात मी घाबरटच. कागदावर शिक्का दिसला की मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय.

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी जात विचारली नाही, मटण-मच्छी खाता का विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्या सामानात लायनीवर चालनारं काय काय हाय?"

एक पंखा, दोन बल्ब, मोबाइल, इस्त्री, नवऱ्याने सांगितलं.

"पान्यात टाकाचा रॉड?"

"नाही."

"खोटं नाई ना बोलून राह्यले?"

"नाही हो बाई."

"मंग राहा. रॉडवाला किरायेदार म्हंजे घरात लपवलेला टीबी."

राहायला आलो त्या दिवशी बल्ब लावण्याआधी त्यांनी तो हातात घेतला आणि बुडावर बॉलपेनने तारीख घातली. "वारंटी असते वं याले. जनमतारीख नसली तं दुकानदार वळख देत नाई." आजही माझ्या खोलीतल्या प्रत्येक बल्बवर तारीख आहे. आता मी घालते.

पाहुण्याला पंखा किती द्यायचा, हेही त्यांचं ठरलेलं होतं. पाणी पिऊन जाणारा असेल तर दोनवर. चहा घेणार असेल तर तीनवर. जेवायला थांबला तर चार. पाचवर फक्त त्यांचा धाकटा भाऊ, कारण तो वावरातून उन्हात यायचा. एकदा ग्रामपंचायतीचे कोणी मोठे गृहस्थ आले आणि बसल्या बसल्या स्वतःच उठून पंखा पाचवर केला. बाई चहा घेऊन आल्या, वर बघितलं, कप तसाच हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, जेवून जा लागन आता."

कंजूष म्हणाल तर त्या नव्हत्या. शेजारणीच्या पोराला ताप आला तर तीन-तीन तास पट्ट्या बदलत बसायच्या, स्वतःच्या पैशाने औषध आणायच्या. विजेचं मात्र वेगळं होतं. त्या लहान असताना गावात लाइन आली होती, त्यांच्या वस्तीत नव्हती. दर पौर्णिमेला विहारात जाऊन आल्या की ओसरीवर बसून जुन्या गोष्टी निघायच्या, त्यात एकदा म्हणाल्या, "वरच्या आळीतला बल्ब आमाले दिसे. उजेड नाई यायचा, नुसता बल्ब दिसे." मग नर्सिंग, नोकरी, आणि नोकरीच्या पैशातून हे घर. "रेशनकार्डावर बापाचं नाव, सातबाऱ्यावर भावाचं. माह्या एकटीच्या नावाचा घरी आलेला पयला कागुद म्हंजे लाइटबिल." म्हणून बिल आलं की चष्मा लावून त्या आधी नाव वाचायच्या, पूर्ण, हळूहळू. आकडा नंतर.

इकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मला पहिल्यांदा गंमत वाटायची. बाई म्हणायच्या, "अन तुमी कोकनातले नाकात बोलता, त्याचं काय?"

पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्याने एक जुना कुलर आणून दिला आणि मी तो लावून दारंखिडक्या गच्च बंद करून घेतल्या. मला वाटलं, गारवा बाहेर जायला नको. आमच्याकडे कुलर कोणी बघितलाय! तासाभरात भिंतींना ओल आली, अंगातून पाणी निथळायला लागलं, आणि मी आणखी वेग वाढवला. बाईंनी दार वाजवलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अवं बापा! हे खोली हाय का इडलीचं भांडं?" त्यांनी समोरची खिडकी उघडली. "हवा एकीकडून आली तं दुसरीकडून जाऊ दे. श्वास घेतला तं सोडा बी लागते ना?" दोन मिनिटांत खोली गार झाली. सरळ त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "पाया नोको पडू, तीनवर आन त्याले."

पुढे मी कोकम सरबत विकायला लागले. माहेरहून भाऊ आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, कॅन एसटीने पाठवायचा, मी चौरस्त्यावर बसच्या थांब्यापाशी बसायचे. लोक लाल पाणी बघून बिचकायचे. बाईंनी पहिला पेला औषधाच्या मापात मोजून घेतला, पंधरा मिली. तोंडात फिरवला. "पित्तावर चालंन," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण ग्लास मागितला. त्यांनीच चार ठिकाणी सांगितलं आणि धंदा लागला. दोन उन्हाळे विकून मी एका बंद पडलेल्या हॉटेलातला जुना फ्रिज घेतला. माझ्या कमाईची पहिली मोठी वस्तू. बाईंनी त्याला आधी दारात उभं केलं, मागून पुढून तपासलं, मग म्हणाल्या, "वय झालं याचं, पन हृदय चांगलं हाय. घे आत."

आणि त्या फ्रिजवरूनच तिसऱ्या उन्हाळ्यात असं झालं की मी जामला राहायचं की फ्रिज विकून गावाला सासूकडे परत जायचं, एवढाच प्रश्न उरला. सासरी माझ्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही, पण मला कोणी काही विचारतही नाही. आठवीत शाळा सुटलेली, तिला काय कळतं. इथे मला बस कंडक्टर विचारायचे, "ताई, आज आंबट जास्त झालं का?" मला ते सोडायचं नव्हतं.

झालं ते असं. मार्चमध्ये बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन महिने काळा चष्मा, वाकायचं नाही, वाचायचं नाही. त्या दिवसांत घर सांभाळायला त्यांचा धाकटा भाऊ आला, तो शेतकरी. रिकामं बसवेना म्हणून त्याने मागच्या अंगणातल्या विहिरीतला गाळ काढला, पाण्यात बुडून चालणारी नवी मोटर सोडली, पत्र्याच्या झाकणाला कुलूप लावलं आणि पेरणीच्या तयारीला निघून गेला.

भाऊ गाळ काढत असतानाच तक्ता लिहायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. मी आकडा वाचायचा, वजाबाकी करून सांगायची आणि मांडायचा. त्या शेजारी चष्मा लावून उभ्या.

पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी वजाबाकी वीस आली. रोजचे तीन युनिट असायचे, फार तर चार. मी पुन्हा केली. वीसच.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तीन," मी म्हटलं.

कसं तोंडातून निघालं मला माहीत नाही. वाटलं फ्रिज बिघडला असणार. बाई म्हणतील, काढ तो घराबाहेर. उद्या बघू, कमी होईल. दुसऱ्या दिवशी बावीस आले. मी तीन सांगितलं आणि तीनच मांडलं. मग रोजच. घरी आले की फ्रिज बंद करून ठेवायचे, कुलर बंद, फरशीवर ओलं फडकं टाकून झोपायचे, आणि सकाळी वजाबाकी तेवढीच. पहिलं बिल आलं ते मी तांदळाच्या डब्यात लपवलं आणि साठवलेल्या पैशांतून गुपचूप भरून आले.

त्याच दिवसांत बाई फार खूश होत्या, हे मला आणखी टोचायचं. त्यांच्या विहिरीला झरा फुटला होता. गाळ काढल्यावर आतून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, दिवसरात्र, धो धो नाही पण सारखा. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते आणि हिचं पाणी उतरत नव्हतं. बाई येईल त्याला हाताला धरून काठावर न्यायच्या. "ऐक. बोलू नोको, ऐक." समोरच्या काकूंनी तर काठाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आमच्याकडच्या विहिरींत झरा असा वाजत नाही, तो गुपचूप येतो. पण मी म्हटलं, इकडचा दगड वेगळा असेल.

दुसरं बिल आलं त्याच आठवड्यात बाईंचा काळा चष्मा निघाला. बिल त्यांच्याच हातात पडलं. त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं.

"हे काय हाय?"

"बिल."

"ते मले दिसते. आता दिसते. तक्त्यावर काय हाय?"

मी फळीवरचा तक्ता काढून त्यांच्या हातात दिला.

"तक्ता सांगते रोजचे तीन. बिल सांगते रोजचे वीस-बावीस. दोघांतून एक जन खोटं बोलून राह्यला. बिलावर मीटरचा फोटो हाय, तो अन हा मीटर बराबर जुळते. मीटरले कोनाची भीती नसते. मंग खोटं कोन बोललं?"

"मी," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही फ्रिज काढायला सांगाल."

त्या तक्त्याकडे बघून बोलल्या. माझ्याकडे नाही. "माह्यासमोर लय पेशंट गेले वं. त्याचं दुख हाय. पन तक्ता खोटा नाई लिहिला कधी. कोनासाठी बी नाई."

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ट्रंक उघडून बसले होते. आता खोली सोडायलाच सांगणार, याची खात्री होती. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, त्याला सगळं सांगितलं. तो तेव्हा कारंजा घाडग्याकडच्या कॅम्पवर होता. म्हणाला, "पुरे झालं सरबत. इथे एक ढाबेवाला फ्रिज घ्यायला तयार आहे. येत्या रविवारी टेंपो घेऊन येतो. तू गावाला जा, आईजवळ राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाहेर गेले नाही. दार वाजलं. बाई उभ्या, हातात लाल पेन्सिल.

"काऊन, आज सुट्टी हाय का?"

मी मागोमाग गेले. माझ्या दीड महिन्याच्या तक्त्यावर त्यांनी आडवं लिहिलं होतं, 'यावर विश्वास ठेवू नये.' फाडला नव्हता. "खाली सही कर." मी केली. मग त्यांनी कोरा तक्ता लावला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "घे. ताप असन तं ताप लिही. भेव वाटलं तं भेव वाटलं म्हून लिही, पन आकडा खरा लिही."

मी बावीस लिहिले. मग खाली बारक्या अक्षरात लिहिलं, भीती वाटली.

मग त्यांनी ओसरीवर बसवून मला बिल शिकवलं. शाळेनंतर मला कोणी बसवून काही शिकवलं ते तेव्हाच. "हे मागचं रीडिंग, हे चालू. हे त्यातून वजा. हे तं तुले येते, खोटं लिहाले बी ते या लागते." मी मान खाली घातली. "वर पाह्य. हे स्थिर आकार. हे काय?"

"माहीत नाही."

"केसपेपरचे पैसे. पेशंट बिमार असो का नसो, केसपेपर काढाच लागते. हे वहन आकार. हे हमाली. लाइन तुह्या दारापर्यंत आनाची हमाली. अन हे स्लॅब. पयले शंभर युनिट म्हंजे जनरल वार्ड, सस्त्यात. त्याच्या वर गेली का पेशल रूम. आन तू मारे पेशल रूमीत झोपून राह्यली."

"झोपत कुठे होते बाई, फरशीवर होते."

त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग फ्रिजची तपासणी झाली. दारात कागदाचा कपटा धरून ओढला, रबर घट्ट निघालं. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी पुसली. गुरुवारी सकाळी पुन्हा बावीस. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "मंग पेशंटले उपाशी ठेवा लागन. उपाशीपोटी तपासू."

शुक्रवारी सकाळी खोलीतलं एकूण एक बटण बंद केलं. फ्रिजचा प्लग काढला, मोबाइलचा चार्जरसुद्धा. बाई घड्याळ धरून मीटरसमोर उभ्या राहिल्या. खोलीत काहीच चालू नाही, म्हणजे लाल दिवा थांबायला हवा. तो भराभर लुकलुकत होता.

"उपाशी पेशंटले ताप काऊन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मेन पाड."

मी आमच्या मीटरखालचा मेन स्विच पाडला. दिवा थांबला.

आणि मागच्या अंगणातला आवाजही थांबला.

आधी मला कळलंच नाही की काय बदललं. दीड महिना सारखा कानावर पडणारा आवाज नव्हता, एवढंच. बाईंची मान हळूच विहिरीकडे वळली.

"चालू कर."

केला. थोड्या वेळात पाणी पडायला लागलं.

"पाड."

थांबलं.

"आनखीन एकदा."

तीन वेळा केलं. मग बाईंनी कमरेची किल्ली काढली, झाकणाचं कुलूप उघडलं आणि मला मेन चालू करायला लावून दोघींनी आत बघितलं. काठाखालून आलेल्या जाड पाइपातून पाणी विहिरीत पडत होतं. तो पाइप बाईंनीच पूर्वी बसवून घेतला होता. गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर थेंब वाया जाऊ नये, पाणी पुन्हा विहिरीतच यावं म्हणून. मोटर पाणी वर चढवत होती, टाकी भरून वाहत होती, वाहिलेलं खाली येत होतं, आणि मोटर तेच पुन्हा वर चढवत होती. दिवसरात्र. माझ्या मीटरवर.

बाई काठावर बसल्या. मग फोन काढून भावाला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काऊन रे, मोटर कोन्या बोर्डावर जोडली तू?"

"मागच्या खोलीच्या, ताई. जवळ व्हता ना तो."

"अन बंद कुठून कराची?"

"बंद काऊन कराची वो? ऑटो लावला ना. लाइन आली का आपोआप चालू."

"अन बंद?"

"लाइन गेली का आपोआप बंद. वावरात तसंच तं असते. आठ तास येते, जाते."

"घरची लाइन जात नाई रे लेका!"

मग भाऊ म्हणाला, "हो ना वो. हे नाई आलं ध्यानात." आयुष्यभर शेतात मोटर चालवलेला माणूस. तिथे लाइन कधी येईल त्याची वाट बघायची असते. बंद करायची सवय कोणाला असणार?

बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं आता भावावर चिडतील. त्या म्हणाल्या, "मी रोज लोकाले आवाज ऐकवत व्हती. नर्स व्हती मी, अन पेशंटच्या छातीतली घरघर गानं म्हून ऐकवत व्हती."

"तुम्हाला दिसत नव्हतं बाई."

"कान तं व्हते ना. तुही गलती एक. माह्या दोन."

पातळाचा पदर खोचून त्या त्याच पावली निघाल्या. ज्यांना ज्यांना झरा ऐकवला होता त्या प्रत्येक घरी गेल्या. मलाही बरोबर नेलं. समोरच्या काकूंना म्हणाल्या, "अवं, तुहा नारळ वाया गेला. तो झरा नव्हता, मोटर व्हती."

काकू घाबरल्या. "मंग आमी पानी न्याचं का नाई सिस्टरबाई?"

"ने ना. पानी खरं हाय. झराच खोटा हाय."

लोक हसले. एक दोघांनी मागून टोमणेही मारले असतील. बाईंनी एकही घर सोडलं नाही. दोन्ही बिलांचे पैसे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या, "गलती दवाखान्याची असली तं पैसे पेशंट भरते का?" तोवर आमचा मेन पाडूनच ठेवला होता. दुपारी वायरमन बोलावून मोटर स्वतःच्या मीटरवर घेतली, ऑटो काढून टाकला आणि साधा स्विच लावून घेतला. शनिवारी आमच्या मीटरची वजाबाकी साडेतीन होती. मी तीन नाही, साडेतीनच लिहिलं.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. "आज मोटर, उद्या आणखी काही. घरमालक सगळे सारखे. टेंपो ठरलाय."

रविवारी तो आला तेव्हा बाई विहारात गेल्या होत्या. तो आणि टेंपोवाला, दोघांनी मिळून फ्रिज टेंपोत चढवला. आगळाचे कॅन मी एका कोपऱ्यात लावत होते. नवरा वाईट माणूस नाही. दमलेला असतो, आणि बिलाला तोही माझ्याएवढाच घाबरतो, फक्त त्याचं घाबरणं रागासारखं दिसतं.

बाई परत आल्या. टेंपोतला फ्रिज बघितला. तशाच आत गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. दहा मिनिटांनी एक कागद घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या हातात दिला. दवाखान्यातून घरी सोडताना देतात तसा. जुना छापील नमुना, निळ्या शाईत भरलेला. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला, मला अजून पाठ आहे.

"रोग्याचं नाव, फ्रिज. तक्रार, जास्त बिल. तपासणीत आढळलं की रोगी निर्दोष आहे. आजार घरमालकिणीच्या मोटरचा होता. ओळखायला उशीर झाला तो घरमालकिणीचा दोष. सल्ला," इथे तो थांबला. मग वाचलं, "फ्रिज आणि त्याची मालकीण, दोघांनाही जागेवरून हलवू नये." खाली सही, पूर्ण नावाने. ते नाव बिलाशिवाय कुठे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

नवऱ्याने कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं. मग मला विचारलं, "आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आलं तर?"

बाई उत्तर देतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर फिरवली आणि पायातली चप्पल काढून झटकायला लागल्या. धूळ वगैरे काही नव्हती.

मग मीच आत जाऊन बिल आणलं. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, हा केसपेपर, ही हमाली, हे शंभरच्या वर गेलं की काय होतं ते. मध्ये एकदा चुकले, पुन्हा मागून सुरू केलं. शेवटी त्याला जिन्याखाली नेलं, खोलीची सगळी बटणं बंद केली आणि म्हटलं, "आता बघ." लाल दिवा स्थिर होता. नवरा वाकून त्याच्याकडे बघत राहिला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मी त्याला एवढं सलग कधी काही सांगितलं नव्हतं.

"ढाबेवाल्याला काय सांगू?" त्याने विचारलं. मला. बाईंना नाही.

"सांग, फ्रिज विकायचा नाही."

त्याने टेंपोवाल्याला हाक मारली. दोघांनी फ्रिज उतरवला आणि खोलीत जागेवर उभा केला. नवरा प्लग हातात घेऊन खाली वाकला तशी मी ओरडले, "लगेच नाही! हलवलेला आहे, तीन तास उभा राहू दे." टेंपोवाला म्हणाला, "तीन तास? मी जातो मंग." बाईंनी त्याचं भाडं चुकतं केलं आणि तो गेला. नवऱ्याला त्याच टेंपोने परत जायचं होतं. तो गेला नाही.

आम्ही तिघं फ्रिजसमोर बसून राहिलो. दुपार कलली. नवऱ्याने कॅम्पवर फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं. तीन तास झाल्यावर नवऱ्याने पुन्हा प्लगकडे हात नेला, तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा ना जावईबापू. तिचा हाय तो."

मी उठून प्लग लावला आणि बटण दाबलं. फ्रिज आधी थरथरला, मग चालू झाला.